लाकडी कयाकवर इपॉक्सी आणि काचेचं कापड कसं चढवायचं

४ मिलिमीटर प्लायची किंवा ६ मिलिमीटर लाकडी पट्ट्यांची कयाक नुसत्या वॉर्निशवर पाण्यात घातली, तर पहिल्या खडकाळ किनाऱ्यावरच तिचा निकाल लागतो. खरी ताकद येते ती आतून-बाहेरून चढवलेल्या काचेच्या कापडाने, म्हणजे काचेच्या धाग्यांनी विणलेल्या कापडाने. होडीवर भार आला की एका बाजूची काच ताणली जाते, दुसरीकडची दाबली जाते आणि मधलं हलकं लाकूड या दोन थरांत अंतर राखतं. रेझिनने, म्हणजे कापड भिजवून नंतर कडक होणाऱ्या इपॉक्सीसारख्या द्रवाने, काच लाकडाला घट्ट धरून ठेवायची आणि पाणी आत येऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. म्हणजे कापड भिजण्यापुरतं रेझिन हवं, त्यावरचं सगळं नुसतं वजन. हौशी लोकांच्या कयाका जड होतात त्या बहुतेक वेळा जास्तीचं रेझिन निपटून न घेतल्यामुळे. पुढची निम्मी खटपट त्यासाठीच आहे.

सामान निवडताना

पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडतं म्हणून मोह होतो. १९६३ साली बाजारात आलेल्या ‘मिरर’ या छोट्या शिडाच्या होडीचे प्लायचे तक्ते तांब्याच्या तारेने शिवून सांध्यांवर काचेची पट्टी पॉलिएस्टरनेच बसवत, आणि त्या काळाच्या मानाने ते उत्तम होतं. पण पॉलिएस्टर लाकडाला इपॉक्सीसारखं धरत नाही. काही वर्षांनी थर सुटायला लागतो आणि मधे पाणी शिरतं. लाकडी होडीला इपॉक्सीच वापरा.

कापड साध्या विणीचं, ई-ग्लासचं (नेहमीच्या प्रकारच्या काचेच्या धाग्याचं), चौरस मीटरला १३५ ते २०० ग्रॅम वजनाचं घ्या. हलकं कापड डेकला, म्हणजे होडीच्या वरच्या भागाला, पुरतं. हलला, म्हणजे तळ आणि बाजूंच्या खालच्या अंगाला, २०० ग्रॅमचं चांगलं, आणि किनाऱ्यावर घासणाऱ्या तळाला मधोमध आणखी एक पट्टा. बारीक तुकड्यांची चटई, म्हणजे चॉप्ड मॅट, घेऊ नका. तिचे तंतू ज्या चिकटद्रव्याने एकत्र धरलेले असतात ते बहुधा पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनमध्ये विरघळणारं असतं, इपॉक्सीत नीट विरघळत नाही. शिवाय ती रेझिन भरमसाट पिते. कापड इपॉक्सीला चालणाऱ्या प्रक्रियेचं आहे ना, हे विचारून घ्या आणि घडी न घालता नळीवर गुंडाळून आणा. घडीची रेघ भिजवल्यावरही दिसत राहते.

रेझिन किती लागेल? हाताने काम करताना कापडाच्या वजनाइतकं रेझिन कापडात जातं, थोडं लाकूड शोषतं, आणि वीण बुजवायला, म्हणजे धाग्यांमधले खळगे भरून पृष्ठभाग सपाट करायला, रेझिनचे दोन-तीन हात लागतात. पाच मीटर लांबीच्या एकट्याच्या कयाकला आतून-बाहेरून, सांधे धरून, ५ ते ६ लिटर मिश्रण हाताशी असलं म्हणजे मधेच अडकायला होत नाही. बाकी सामान साधंच: खुणांचे कप, चपट्या काड्या, प्लास्टिकची मऊ स्क्वीजी (रेझिन पसरवायची-निपटायची पट्टी), बारीक फोमचे रोलर, वापरून टाकायचे ब्रश, धारदार कात्री, मास्किंग टेप आणि नायट्राइलच्या हातमोज्यांचा मोठा डबा.

हातमोजे मी चैन म्हणून सांगत नाही. कच्चं इपॉक्सी, त्यातही हार्डनर (रेझिन कडक करण्यासाठी त्यात मिसळायचा दुसरा द्रव), कातडीला वारंवार लागत राहिलं तर अॅलर्जी जडू शकते. ती एकदा जडली की सहसा जात नाही. पुढे नुसत्या वासानेही अंगावर चट्टे उठणारे लोक असतात. हाताला लागलं तर साबणाने धुवा. थिनर किंवा अॅसिटोनने कधीही पुसू नका, त्याने ते कातडीत आणखी आत जातं. घासकाम करताना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बारीक धूळ अडवणारा चांगला मास्क हवा. पूर्ण न सुकलेल्या इपॉक्सीची धूळ सगळ्यात वाईट.

मिश्रण

प्रमाण कंपनीगणिक वेगळं असतं: कुठे २ भाग रेझिनला १ भाग हार्डनर, कुठे ३ ला १, कुठे ५ ला १. पॉलिएस्टरमध्ये उत्प्रेरकाचे थेंब कमीजास्त करून वेग बदलता येतो, इपॉक्सीत तसं चालत नाही. इथे रेझिनच्या प्रत्येक रेणूला हार्डनरचा जोडीदार लागतो, आणि जास्तीचा हार्डनर बिनजोडीचा राहून थर कायमचा मऊ ठेवतो. वेग बदलायचा तर संथ किंवा जलद हार्डनर वेगळा आणायचा. आणखी एक खोच म्हणजे डब्यावर लिहिलेलं २:१ बहुधा आकारमानाचं असतं. हार्डनर रेझिनपेक्षा हलका असल्याने काट्यावर तोलताना १०० ला ५० नाही, त्याहून कमी घ्यावं लागतं. तोलून मिसळणार असाल तर कंपनीचं वजनाचं प्रमाणच पाळा.

एका वेळी १५० ते २०० मिलिलिटरपेक्षा जास्त मिसळू नका. घड्याळ लावून दोन मिनिटं ढवळा, कपाच्या कडा आणि बूड खरवडत. कोपऱ्यात राहिलेलं न मिसळलेलं रेझिन शेवटी होडीवर उतरतं आणि तिथे आठवडाभरानेही बोट चिकटतं. ढवळून झालं की मिश्रण लगेच हलवर ओता किंवा पसरट ट्रेमध्ये काढा. कपात साठून राहिलं तर स्वतःच्याच उष्णतेने तापतं, तापल्यामुळे आणखी वेगाने धरतं, आणि बघता बघता कप वितळून धूर येतो. असा तापलेला कप कचऱ्याच्या डब्यात टाकू नका; बाहेर उघड्यावर, जमिनीवर ठेवून द्या.

तापमानाची चाल

काम बिघडतं ते बहुतेक वेळा या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने. २० ते २५ अंश सेल्सिअस हे आरामाचं तापमान. साधारण १० अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ निम्मा होतो. १५ च्या खाली रेझिन घट्ट होतं, कापडात शिरत नाही आणि लोक नकळत जास्त ओततात. थंडीत डबा कोमट पाण्यात ठेवून रेझिन पातळ करून घ्या. तळाशी साखरेसारखे कण दिसले तरी तेही याच उपायाने विरघळतात.

पण आकड्यापेक्षा तापमान चढतंय की उतरतंय हे महत्त्वाचं. लाकडाच्या छिद्रांत हवा असते. लाकूड तापत असताना इपॉक्सी लावलं तर ती हवा फुगून बाहेर पडते आणि कापडाखाली हजारो बुडबुडे उभे राहतात. तेच लाकूड निवत असताना हवा आकसते आणि रेझिन आत ओढलं जातं. म्हणून खोली किंवा शेड दिवसभर तापू द्यायची, मग हीटर बंद करून किंवा ऊन कलल्यावर काम सुरू करायचं. सकाळच्या उन्हात, दार उघडं ठेवून काम करणं म्हणजे बुडबुड्यांना आवतण. उलट बाजूने इतका उशीरही नको की हवा दमट होऊन ओल्या इपॉक्सीवर दव धरेल.

लाकूड तयार करणं

कापड लाकडाचा दोष झाकत नाही, उलट पारदर्शक झाल्यावर भिंगासारखा दाखवतं. पेन्सिलीच्या खुणा, गोंदाचे डाग, रंध्याचे चरे आत्ताच काढा. ८० नंबरच्या पॉलिश पेपरपासून १२० पर्यंत या आणि तिथे थांबा; लाकूड जास्त गुळगुळीत करून पकड वाढत नाही. बाहेरच्या सगळ्या कडा निदान ५-६ मिलिमीटर त्रिज्येने गोल करा, कारण काच धारदार कडेवरून वळत नाही, तिथे उठून राहते. फटी आणि तारांची भोकं इपॉक्सीत लाकडाचं बारीक पीठ कालवून भरा. लगदा उलट्या काडीवरून न ओघळण्याइतका दाट हवा. शेवटी ब्रश आणि व्हॅक्यूमने धूळ काढा. थिनरच्या फडक्याने पुसायची सवय असेल तर सोडा. फडक्यात मेण किंवा सिलिकोन असलं तर पुढे तिथे रेझिन मागे सरकून खळगे पडतात.

आता वादाचा मुद्दा: आधी नुसत्या रेझिनचा एक पातळ हात द्यायचा, की कोरड्या लाकडावर थेट कापड? माझं मत असं आहे की प्लायवर थेट कापड टाका. पृष्ठभाग सारखा असतो, शोषण कमी, आणि लाकूड, रेझिन, काच एकाच वेळी एकजीव होतात. मऊ लाकडाच्या पट्ट्यांच्या कयाकला मात्र आधी हात द्यावा. असं लाकूड ठिकठिकाणी, विशेषतः खिळ्यांची भोकं आणि उघडे रेषे असतील तिथे, कापडातलं रेझिन पिऊन टाकतं आणि अर्ध्या तासाने पांढरे कोरडे डाग उमटतात. हा पहिला हात सुकल्यावर लाकडाचे तंतू उभे राहतात; १२० च्या कागदाने हलकेच मोडून काढा, नाहीतर कापड त्यात अडकतं.

कापड अंथरणं आणि भिजवणं

होडी पालथी ठेवून कापड टोकापासून टोकापर्यंत कोरडंच अंथरा, चहूकडून ५-७ सेंटीमीटर जास्तीचं सोडून. मऊ कोरड्या ब्रशने किंवा हातमोजा घातलेल्या तळहाताने मध्यापासून बाहेर सुरकुत्या काढत न्या. कापड इकडून ओढलं की तिकडे सुरकुती पडते, म्हणून ओढण्यापेक्षा थोपटणं बरं. विणीच्या तिरक्या दिशेने कापड बरंच ताणलं जातं, कयाकची गोलाई बसते ती त्याच गुणामुळे. दोन्ही टोकांना मात्र ते बसणार नाही. तिथे कात्रीने चीर देऊन दोन पाकळ्या एकमेकींवर येऊ द्या. टोकावर ४५ अंशात तिरकी कापलेली पट्टी वेगळी बसवली तर आणखी छान वळते आणि आपटण्याच्या जागी एक थर जास्त मिळतो.

मदतीला एक माणूस घ्या, ज्याने फक्त मिसळायचं. भिजवणाऱ्याने कपाकडे वळायचं नाही.

होडीच्या मध्यावर, कण्याजवळ (तळाच्या लांबीभर जाणाऱ्या मधल्या रेघेजवळ), पहिला कप ओता. स्क्वीजी फार न दाबता रेझिनचा ओघळ पुढे ढकलत न्या, कण्याकडून कडेकडे. जवळून पाहिलं तर कापड पांढरं असतं, मग राखाडी होतं, आणि मग एकाएकी नाहीसं होऊन लाकडाचे रेषे उजळून वर येतात. काचेचा आणि इपॉक्सीचा प्रकाश वाकवण्याचा गुण जवळपास सारखा असल्यामुळे हे घडतं. दोघांमध्ये हवा उरली नाही की काच डोळ्याला दिसत नाही. म्हणजे जिथे पांढरं दिसतंय तिथे हवा आहे, एवढी सोपी तपासणी. उभ्या बाजूंवर ओतलेलं खाली पळतं, तिथे फोमचा रोलर किंवा ब्रश घ्या. एका टोकाकडे पूर्ण जाण्याऐवजी मध्यापासून दोन्हीकडे थोडं थोडं सरका, म्हणजे ओली कड कायम ताजी राहते.

एक भाग भिजवला की दहा-पंधरा मिनिटं त्याला हात लावू नका. रेझिनला धाग्यांच्या आत शिरायला तेवढा वेळ लागतो. घाईने स्क्वीजी पुन्हा पुन्हा फिरवली तर रेझिनमध्ये बारीक फेस होतो आणि दुधाळ छटा येते, ती नंतर निघत नाही.

त्यानंतर निपटण्याची फेरी. स्क्वीजी जवळजवळ आडवी धरून, थोडा जोर देत, कण्याकडून कडेकडे ओढा. पुढे जमलेलं रेझिन दुसऱ्या कपाच्या कडेवर निपटून काढा आणि टाकून द्या. त्यात हवा मिसळलेली असते, पुन्हा वापरू नका. रेझिन फेकताना जीव कळवळतो खरा, पण इथे कंजूषपणा उलटा पडतो. बरोबर झालेला भाग मंद, साटीनसारखा दिसतो आणि विणीचा पोत बोटाला जाणवतो. चकचकीत ओला दिसणारा भाग म्हणजे कापड रेझिनवर तरंगतंय. नंतर तो उंचवटा घासायला जाल तेव्हा काचच कापली जाईल. उलट बाजूला, इतकं ओढू नका की वीण कोरडी पडून राखाडी ठिपके दिसतील. दिसलेच तर त्यावर ब्रशने थोडं रेझिन टिपा.

सगळं झालं की टॉर्च घ्या आणि तिरप्या उजेडात होडीभोवती फिरा. पुढच्या तासाभरात दोन-तीन फेऱ्या मारा. कडेला लोंबणारं कापड स्वतःच्या वजनाने कोपरे उचलतं, ते ब्रशने बसवा. लाकडाने रेझिन प्यायलेल्या जागा याच वेळी पांढऱ्या पडतात आणि आत्ता त्यांवर उपाय एका थेंबाचा असतो. थर धरल्यानंतर तोच दोष कापून, घासून, ठिगळ लावून काढावा लागतो.

कडा कापणं आणि वीण बुजवणं

काही तासांनी थर चिवट होतो: नखाचा वळ उमटतो, पण बोटाला काही लागत नाही. जास्तीचं कापड याच वेळी नव्या पात्याच्या कटरने, आधी लावलेल्या मास्किंग टेपच्या कडेने कापा. लवकर कापलं तर धागे ओढले जातात, उशीर झाला तर करवत लागते. हा टप्पा मध्यरात्री येणार असेल तर कामाची वेळ आधीच पुढेमागे करा.

वीण बुजवायचे हात याच अवस्थेत दिले तर घासावं लागत नाही. दोन थर रसायनानेच एकमेकांत गुंततात. ही मुदत कंपनीच्या कागदावर लिहिलेली असते. रोलरने पातळ हात, मागोमाग ब्रशच्या टोकाने हलकेच लांब फटकारे, म्हणजे रोलरचे बुडबुडे फुटतात. दोन हातांत काम भागतं, तिसरा लागलाच तर. एकाच जाड हातात उरकायचा प्रयत्न केला की बाजूंवर पडदे लोंबतात.

मुदत उलटली तर थांबा, थर पूर्ण कडक होऊ द्या आणि मग आधी धुवा. हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड हार्डनरशी मिळून वर मेणचट साय आणतात. ही साय पाण्यात विरघळते, थिनरने नुसती पसरते, आणि न धुता घासली तर पॉलिश पेपर चोंदतो आणि साय चऱ्यांत दाबली जाते. साधं स्वच्छ पाणी, भांड्याची खरखरीत घासणी, आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसणं, एवढं पुरतं.

घासताना आधी थेंब आणि ओघळ स्क्रेपरने काढा, मग १२० चा कागद. सगळीकडे मंद पांढरट रंग येईपर्यंत घासा. चमकणारे ठिपके म्हणजे अजून खळगे. मात्र बारीक चौकड्यांची जाळी दिसायला लागली की हात थांबवा. ते कापड आहे. तिथे पुढे घासणं म्हणजे विकत घेतलेली ताकद धुळीत घालवणं. खळगा राहिला तर आणखी एक हात द्या.

आतली बाजू

आत काम किचकट आहे. तक्ते जिथे मिळतात त्या कोपऱ्यांत आधी लगद्याची गोलाई, म्हणजे फिलेट, घाला, नाहीतर कापड कोपऱ्यावर तंबूसारखं ताणलं जाऊन खाली पोकळी राहते. फिलेट अर्धवट धरलेली असतानाच त्यावर कापड घातलं तर घासकाम वाचतं. कापड कोपऱ्यात सैल सोडा आणि भिजवताना मधे दाबत मग वर न्या. खोलगट भागात रेझिन कण्यात साठतं, तिथून सतत काढत राहा. आतली वीण बुजवायची मला गरज वाटत नाही. वजन वाचतं आणि बसताना पाय सरकत नाहीत. बंद जागेत काम असल्याने सेंद्रिय वाफा शोषणाऱ्या काडतुसांचा मास्क आणि वाहती हवा मात्र हवीच.

हल आणि डेक जोडताना बाहेरून ५० ते ७५ मिलिमीटर रुंद काचेची पट्टी, आणि आतूनही. आतल्या टोकांपर्यंत हात पोचत नाही, म्हणून होडी कुशीवर ठेवून, लांब काठीला ब्रश बांधून, आधीच भिजवून गुंडाळलेली पट्टी उलगडत न्यायची. टोकांत दाट इपॉक्सी ओतून भरणार असाल तर टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्पा निवू देऊन. एकदम ओतलं तर आतल्या आत तापून लाकूडही काळवंडतं.

वॉर्निश

इपॉक्सी उन्हात टिकत नाही. अतिनील किरणांनी ते पिवळं पडतं, मग भुकटी होऊन काच उघडी पडते. त्यामुळे वर अतिनील रोखणारं सागरी वॉर्निश किंवा रंग हवाच. आधी आठवडा-दोन आठवडे इपॉक्सी पूर्ण मुरू द्या, पुन्हा पाण्याने धुवा, २२० च्या कागदाने मंद करा. कच्च्या किंवा साय राहिलेल्या इपॉक्सीवर काही वॉर्निशं दिवसेंदिवस चिकट राहतात, म्हणून आधी आतल्या एखाद्या कोपऱ्यात तपासून पाहा. बाहेरून चार ते सहा पातळ हात, दर दोन हातांमध्ये हलकं घासून.

वापरात येणारे चरे वॉर्निशपुरते असतील तर हंगाम संपल्यावर एकदम बघा. चरा काचेपर्यंत गेला असेल, म्हणजे नखाला धागे लागत असतील किंवा भोवती लाकूड काळं पडत असेल, तर होडी बाहेर काढून लाकूड पूर्ण वाळू द्या, कडा उताराने घासा आणि एकाहून एक मोठी अशी दोन ठिगळं चढवून त्यावर पुन्हा वॉर्निशचे हात द्या.